पायरीवर ठेवलेला लॅपटॉप

"इथं नको ठेवू. तिकडं, पायरीवर ठेव."

पांढुर्ण्यातल्या त्या दुकानात मी लॅपटॉप काचेच्या काउंटरवर ठेवायला गेले, तर दुकानदार असा बोलला. पायरीवर म्हणजे जिथं गिऱ्हाइकं चपला काढतात तिथं. आधी असा नव्हता बोलला बरं. मी आले तेव्हा "या अम्मा, बसा" म्हणाला होता. मग म्हणाला, "कोण्या मोहल्ल्यातल्या?" मी सांगितलं. अम्माची बाई झाली. मग त्यानं झाकणावर माझ्या नातीनं चिकटवलेलं निळं चक्र पाहिलं. बाईची तू झाली. एवढ्या वेळात मी खुर्चीपाशीही पोचले नव्हते.

मी ठेवला पायरीवर. आपला पदर अंथरला आणि त्यावर ठेवला. अडलेलं माणूस काय करेल.

अडलं होतं ते सांगते. मी शाळेत गेलेली नाही. संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जायची, तिथं पेट्यांवर लिहिलेलं वाचता वाचता अक्षरं लागली. म्हातारपणी नातीनं तिचा जुना लॅपटॉप दिला. ती नागपूरला शिकते. आवाज कसा भरायचा, कसा ऐकायचा, सारं तिनंच शिकवलं. मग आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बाया दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. जे कधी कोणी विचारलं नाही ते सांगायच्या. मी त्यांचा आवाज भरून राहिले होते.

त्यात कौतिका होती. माझी तोडणीची जोडीदारीण. बोलता बोलता मध्येच हसायची, आणि हसली की खोकायची. ते खोकणंसुद्धा भरलं होतं मी. या हिवाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं.

तिची लेक बेबी रामाकोन्याला असते. तिनं फोन केला. "मावशी, आईच्या पुण्यानुमोदनाले सारे भाषण देतीन. जे आईले वळखत नोयते, ते बी देतीन. तू फकत आईचा आवाज लावजो."

मी म्हटलं, लावते. शब्द दिला.

आणि कार्यक्रमाच्या तोंडावर लॅपटॉप बसला. तो आपला काहीतरी नवं भरून घेत होता, तेवढ्यात लाइट गेली. बॅटरी तर आधीच मेलेली. लाइट आल्यावर चालू केला तर नुसता निळा पडदा आणि इंग्रजी. नातीला फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "आजी, घाबरू नको. विंडोजची एक फाइल गेली आहे, म्हणून सुरू होत नाही. आतलं सगळं जागेवर आहे. घर शाबूत आहे, दरवाज्याची कडी तेवढी तुटली. दुकानात दे, पण आधी डेटा काढून ठेवायला सांग."

मी तेच सांगितलं. पायरीवरून. "दादा, आतलं जाऊ देऊ नका. आधी काढून ठेवजा. एका बाईचा आवाज हाय त्यात."

"हो हो," तो म्हणाला. वर पाहिलंही नाही.

तेवढ्यात एक संत्र्याचे मोठे व्यापारी आले. त्यांच्याही बगलेत लॅपटॉप. त्यांचा काउंटरवर गेला. उघडला तर तोच निळा पडदा, तेच इंग्रजी. मी पायरीवरून मान उंच करून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "काही टेन्शन नाई भाऊसाहेब. एक फाइल उडाली. पहिले तुमचा सारा डेटा या डब्यात काढून घेतो, मंग हात लावतो." ड्रॉवरमधून एक काळा डबा काढला, वायर जोडली. भाऊसाहेबांना खुर्ची. भाऊसाहेबांना चहा.

खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, याला येते बाप्पा. आता माझंही असंच करेल. म्हणून परत बोलले, "दादा, मायंही तसंच करजा."

तेव्हा तो हसला. भाऊसाहेबांकडे पाहून. "तुमच्या लोकाइच्या लॅपटॉपमंधी काय असते वं? भाषणं न गाणे. ते तं मोबाइलवरही भेटते."

भाऊसाहेबही हसले. चहा सांडू नये इतपत.

उद्या ये म्हणाला. मी उठले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू होता. पडद्यावर कुठल्यातरी डोंगराचं चित्र. दुकानदार म्हणाला, "घे. नवा कोरा करून देला."

मी बोट फिरवलं. खाली पाहिलं, वर पाहिलं. "इथं एक पिवळं फोल्डर होतं."

"फॉरमॅट मारला. सारं साफ."

"सांगतलं होतं न तुमाले. दोनदा."

"अवं, एवढा टाइम कोणापाशी हाय? त्या भाऊसाहेबाचा धंदा हाय त्याच्यात. तुह्यं काय होतं?"

"कौतिकाचा आवाज."

"मंग भरून घे पुन्हा. बोलाव तिले."

"मेली ते."

त्यानं मोबाइल उचलला. मोबाइलकडे पाहत म्हणाला, "मंग मी काय करू? चालू तं झाला न? उपकार मान."

आणि माझे हात जोडले जाऊ लागले. आपोआप. साठ-सत्तर वर्षांची हातांची सवय. दोन्ही तळवे एकमेकांजवळ आले.

तेव्हा मला कौतिका ऐकू आली. मशीनमधून नाही. बगीच्यात पाण्याला जायचो, तर मालकाचा माणूस वरून ओंजळीत ओतायचा. तहान भागो न भागो, "उपकार मालक" म्हणायचं, मग निघायचं. सगळ्या म्हणायचो. मीही. एका उन्हाळ्यात कौतिकानं ओंजळ भरल्यावर ती उघडली. सारं पाणी त्याच्या बुटावर. आणि तहानलेली चालत घरी आली. हे तिनं माझ्या ओट्यावर हसत हसत सांगितलं होतं. मग खोकली होती. तेच या माणसानं पुसलं. कडी बसवायला घर पाडलं. शेजारचं घर कसं वाचवायचं ते त्याला येत होतं.

मी तळवे दूर केले. लॅपटॉप उचलला. काउंटरवर ठेवला, काचेच्या बरोबर मधोमध. बंद केला. परत उचलला आणि निघाले. तो मागून काही बोलला. मी वळले नाही.

नातीनं नागपूरला दाखवून पाहिलं. काही निघालं नाही.

रामाकोन्याला मंडप होता, स्पीकरचे बॉक्स होते. बेबी सगळ्यांना सांगत होती, आता आई बोलणार आहे. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, वायर कुठं लावू?" त्या पोरीचं तोंड मला अजून दिसते. मी म्हटलं, "वायर राहू दे. माइक दे."

मी कौतिकाची ओंजळ सांगितली. जशी जमली तशी. तिचं हसणं मला आलं नाही. मग तिचा आवाज कुठं गेला ते सांगितलं. दुकान कोणतं, माणूस कोण, काय म्हणाला, सारं. नाव इथं लिहीत नाही, तिथं माइकवर घेतलं. समोरून एक म्हातारबा म्हणाले, "पुण्यानुमोदनात हे कायले, बाई?"

मी म्हटलं, "तिचंच सांगून राहिली मी."

बेबी रडत होती. तिला माझ्याकडून जे हवं होतं ते मी देऊ शकले नाही. आताही देऊ शकत नाही. हे कोणत्याच दुकानात दुरुस्त होत नाही.

ओट्यावर बाया पुन्हा येतात. मी पुन्हा भरून राहिले आहे. लॅपटॉप परत बिघडेल, त्याचा भरवसा नाही. तेव्हा मी काउंटरच्या आत उभी राहीन. आधी डबा जोडा म्हणेन, जोडलेला पाहीन, मगच हात लावू देईन. नाही म्हणाला तर मशीन बंदच्या बंद उचलून दुसऱ्या गावी नेईन. आणि काम झालं तरी त्याचे उपकार मानणार नाही. तो शब्द मी त्या पायरीवर ठेवून आले आहे, चपलांजवळ. उचलायला जाणार नाही.