ओढून जोडलेला पाइप

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. सासरी, माहेरी, कंपनीत, सगळीकडे ते जाहीर आहे. पण या तापट बाईची नोकरी टिकवली ती एका अशा माणसाने, ज्याचा माझ्या गणितावर काडीचा विश्वास नव्हता. त्याचे उपकार मी विसरायची नाही.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. भोसरीला आमची कंपनी वाफेचे पाइप बनवायची. त्या वर्षी एक काम आलं, ज्याचं नावच घ्यायचं नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतले साहेब लोक यायचे आणि फक्त ‘जहाज’ म्हणायचे. पण नकाशात जागा इतकी कोंदट, आणि वाफ जिथून यायची तिथे नुसती कोरी चौकट! हे जहाज पाण्याखालचं आहे आणि त्याची वाफ कोळशाची नाही, अणूची आहे, एवढं न कळायला आम्ही काय दूधखुळे होतो? विचारायचं मात्र नाही. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याच्या कंपनीत टाळेबंदी झाली होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि बायको दिवसभर करते काय हे त्याला कळत नव्हतं. बिचाऱ्याने कधी तक्रार केली नाही.

माझं काम तसं सांगायला सोपं. लोखंड तापलं की वाढतं. तापलेल्या पाइपाला हातपाय पसरायला जागा लागते. जमिनीवरच्या कारखान्यात त्याला ऐसपैस वळणं देता येतात. पाण्याखालच्या जहाजात कुठली आलीय ऐसपैस? तिथे पाइप वाढणार आणि टर्बाइनला ढकलणार. किती ढकलेल ते आधी कागदावर काढायचं, आणि टर्बाइनला सोसवेल त्याच्या आत ठेवायचं. गणित चुकलं तर चालतं यंत्र जागचं सरकतं, आणि पाण्याखाली गाडी बाजूला घेऊन थांबायला रस्त्याची कड नसते.

मला घेतलं होतं डिझाइनच्या मोठ्या साहेबांनी. मालकांना बाई नको होती. ‘वेल्डिंगच्या ठिणग्यांत पदर सावरत फिरणार का ही?’ असं ते माझ्या देखत म्हणाले. मी म्हटलं, ‘पदर मी खोचते, तुम्ही धोतर सांभाळा.’ साहेबांनी कपाळावर हात मारला. शेवटी एक बोली ठरली: या पाइपाची चाचणी नीट पार पडली तर मी कायम, नाहीतर रामराम.

शेडमध्ये राज्य होतं फोरमनमामांचं. दिघीचे, गावकीतले, सायकलवर यायचे. पहिल्याच दिवशी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, ‘पोरी, हितं चपला चालत न्हाईत.’ दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून माझ्या मापाचे बूट शोधून माझ्या टेबलाखाली ठेवले होते. बूट पुरुषी, बोजड, पण पायाला बरोबर बसले.

जहाजातल्यासारखीच मांडणी शेडमध्ये खऱ्या मापाने उभी केली. चाचणीच्या दिवशी पांढरे कपडेवाले आले, वाफ सोडली, पाइप तापला. टर्बाइनच्या पायाशी, ते किती सरकतं ते दाखवणारा एक डायल लावलेला होता. त्याचा काटा मी सांगितलेल्या खुणेपर्यंत गेला, आणि थांबायचं सोडून पुढे निघाला. आमच्या साहेबांनी वाफ बंद करायला लावली.

‘झालं समाधान?’ मालक सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाले. ‘बाईचं गणित!’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गणित मी तीनदा तपासलं होतं, साहेबांनीही तपासलं होतं. मग मला आमच्या भागातल्या फिटर लोकांची जुनी खोड आठवली. दोन पाइपांची तोंडं जुळेनात की चेनपुली लावायची, पाइप ओढून आणायचा, बोल्ट आवळायचे आणि वरून रंग मारायचा. पाण्याच्या पाइपाला ते खपून जातं. माझ्या पाइपाला नाही. ओढून आणलेल्या पाइपाच्या अंगात थंड असतानाच जोर भरून राहतो, आणि तो माझ्या गणितात कुठेच नसतो.

‘फ्लँज सोडा,’ मी म्हटलं. ‘टर्बाइनजवळचा जोड सोडा. पाइप ओढलेला असेल तर बोल्ट निघाल्याबरोबर बाजूला सरकेल. नाही सरकला तर चूक माझी. उद्यापासून मी येत नाही.’

बोलून बसले खरी, पण घरी काय सांगणार होते?

पाइप गार व्हायला दुसरा दिवस उजाडला. सगळे परत गोळा झाले. मामा स्वतः पाना घेऊन वर चढले आणि एकेक बोल्ट काढू लागले. मी खाली, छातीच्या उंचीवर आलेल्या जोडाच्या अगदी बाजूला, नाक लावून उभी. पाइप जरा तरी हलतोय का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. शेवटच्या बोल्टाला पाना लावला आणि मामा थांबले. माझ्याकडे बघितलं. मग एकदम ओरडले, ‘ए पोरी, मागं सर! उडंल त्यो!’

मी मागे झाले.

‘उडेल हे तुला काय ठाऊक?’ मालकांनी मामांना विचारलं.

मामांनी बोल्ट काढला. धाडदिशी पाइप चार बोटं बाजूला उडाला, मी उभी होते नेमका तिथे.

‘मीच वढला व्हता, मालक,’ मामा वरूनच म्हणाले. ‘तोंडं जुळंनात. मला वाटलं, पोरीचं माप चुकलं. सांगितलं असतं तर तुमी तिला तवाच घरी घालवली असती. म्हनून गपचूप वढला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.’

साहेबांनी तिथेच टेप लावून बघितलं. माप बरोबर होतं. वेल्डिंगच्या तापाने पाइपाचं तोंड फिरलं होतं.

‘उद्यापासून येऊ नकोस,’ मालक मामांना म्हणाले.

मग मात्र माझ्या अंगात आलं. ‘यांना काढणार असाल तर मलाही काढा!’ मी ओरडले. ‘काल रात्रीच चेनपुली लावून पाइप हळूच सैल सोडला असता तर तुम्हाला बापजन्मात कळलं नसतं! हे राहिले असते आणि मी गेले असते!’

पांढऱ्या कपड्यांतले एक साहेब हसू दाबत खिडकीकडे बघू लागले. आमचे मोठे साहेब म्हणाले, ‘मालक, पाहुण्यांसमोर एवढी भांडते म्हणजे ही कायम झालीच म्हणायची.’

पाइपाचं ते टोक कापून, पुन्हा जोडून चाचणी झाली. काटा खुणेवर थांबला. मी कायम झाले. मामांची नोकरी राहिली, पण फोरमनकी गेली. ज्याला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, त्याच्याच हाताखाली ते निवृत्तीपर्यंत पाना चालवत राहिले. तोंडावर कधी कडवटपणा नाही. ते बघून मलाच भडभडून यायचं.

त्यांची फोरमनकी गेली त्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ‘मामा, माझ्यापायी तुमची...’ एवढंच म्हटलं आणि हुंदका फुटला. सगळी शेड बघत होती.

‘रडतीस कशाला?’ मामा खेकसले. ‘त्यो पाइप छातीवर बसला असता, तर रडाया तरी उरली असतीस का?’ आणि एक सणसणीत शिवी हासडून त्यांनी मला कामाला पिटाळलं.