तिकडच्या दराशी संबंध नाही

सदर इसम: वय एकसष्ट, बांधा मध्यम, वाचताना चष्मा. व्यवसाय: गाद्यांचा फोम बनवणाऱ्या कंपनीत विक्री व्यवस्थापक; सध्या निवृत्त. चारित्र्य: निष्कलंक. न्यायालयास सहकार्य: पूर्ण. स्वतःचं डोकं चालवल्याची नोंद: एकदा.

ते असं. देशातल्या तीन फोम कंपन्यांनी आपसात ठरवून दर चढवले होते. बाजारात एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे हे लोक पोहण्याच्या तलावाशेजारच्या उपाहारगृहात ओल्या केसांनी भेटत. सगळे खुशीत असताना हा म्हणाला, "सरहद्दीपलीकडे आपण जुन्याच दराने विकतोय. व्यापारी तिकडून स्वस्तात उचलून माल इकडे आणतील आणि आपलं मुसळ केरात. तिकडेही चढवा." "डोकं आहे हो तुम्हाला!" एक प्रतिस्पर्धी म्हणाला. याला कंपनीत बढती मिळाली.

सरहद्दीपलीकडे त्याच्या धाकट्या बहिणीचं गाद्यांचं दुकान होतं. तिने आधी गाद्या पातळ केल्या, मग कारागीर कमी केले, मग दुकानाला कुलूप घातलं. फोनवर म्हणायची, "दादा, तुमच्या लोकांना जनाची नाही तर मनाची तरी?" "बाजारच तसा आहे गं," असं म्हणून तो भाच्याच्या परीक्षेची चौकशी करी.

पुढे बिंग फुटलं. देशातल्या गिऱ्हाइकांना भरपाई मिळाली. तेव्हा पलीकडच्या दुकानदारांनीही इथल्याच कोर्टात दावा लावला. त्यांत बहीण होती, आणि सुनावणीसाठी उतरली होती दादाकडे. कोर्टाला यात काही वावगं वाटलं नाही, कारण कोर्टाला कुणी सांगितलंच नाही.

प्रश्न एवढाच होता: नुकसान परदेशात झालं, तर इथला कायदा ते भरून देतो का? तिकडचे दर चढवल्याशिवाय इकडचे टिकलेच नसते, असं सिद्ध झालं तर देईल. दोन्हीकडचं आपापलं वेगळं असेल, तर आपापल्या देशात जा. हे सांगू शकणाऱ्यांपैकी एक वारला होता, दुसऱ्याची स्मरणशक्ती वारली होती. उरला हा.

"खोटं बोला असं मी म्हणणार नाही," कंपनीची वकीलबाई म्हणाली. "आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं. आणि तुमच्या पेन्शनचा याच्याशी काही संबंध नाही."

पेन्शनचा विषय त्याने काढलाच नव्हता.

साक्षीच्या सकाळी बहिणीने त्याच्यापुढे चहा ठेवला. "हा शर्ट नको रे, यात तू आरोपी दिसतोस. आणि घाबरतोस कशाला? खरं सांगायला पाठांतर लागत नाही."

तो शर्ट बदलून आला. खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं.

तिच्या बाजूच्या वकिलाने विचारलं, "परदेशातही दर चढवावेत, हे कुणी सुचवलं?"

बहीण समोर बसली होती, थोडी पुढे झुकून. लहानपणी शाळेच्या बक्षीस समारंभात याचं नाव पुकारलं की बसायची तशी. पेन्शन गेली असती तरी त्या क्षणी त्याला चाललं असतं. पण उत्तर 'मी' असं होतं. ते दिलं तर ती जिंकणार होती, आणि ते तिला ऐकू येणार होतं.

"आठवत नाही," तो म्हणाला. "दोन्हीकडचे दर आपापले ठरत असावेत."

दावा फेटाळला गेला. बहिणीने बॅग भरली.

"तोंड पाडू नकोस दादा. कंपन्यांच्या बाकीच्या साहेबांनी नुसती टोलवाटोलवी केली. तू निदान नाही आठवत तर नाही म्हणालास."

"ऐक ना..."

"काय?"

"काही नाही. स्वेटर घेतलास?"

"घातलाय की! डोळे तपासून घे तू."

निकालपत्रात साक्षीदाराचं वर्णन 'विश्वासार्ह व तटस्थ' असं आहे. बहीण आता एका हॉटेलात खोल्या झाडते.