आतडं वाढवायला दिलं

मुकुटबन आणि आजूबाजूच्या दहा गावांत पंगत म्हटली की डोमाजी. वरणाची बादली घेऊन हा गडी ओळीत शिरला, की ताटावर आडवा हात धरणाऱ्याची काही धडगत नसे. "घ्या ना जी, कायले लाजता!" म्हणत दोन पळ्या जास्तच घालायचा. पंचवीस वर्षं त्यानं लोकांना असं वाढलं.

अन् नेमकं अशा माणसाचंच आतडं जावं? दोन वर्षांपूर्वी पोटात कळ उठली. नागपूरला नेईपर्यंत रक्त पोचणं बंद होऊन आतडं काळं पडलं होतं. डॉक्टरांनी कापून काढलं; वीसेक फुटांतलं चार फूट उरलं. तेव्हापासून दर दोन तासांनी वाटीभर मऊ भात, मीठ-साखरेचं पाणी, आणि घास पोटात गेला की संडासाकडे धाव. पंगतीत वाढायचं सोडाच, बसायचीही चोरी झाली. आधी लोक बोलवायचे, हा नाही म्हणायचा. मग लोकांनी बोलावणंच सोडलं. बायको रुखमाबाई आधीच गेलेली, लेकरूबाळ नाही. कुठं लग्नाचा लाउडस्पीकर वाजला की डोमाजी दार लावून घ्यायचा. एकटेपणा त्याला अगदी खायला उठायचा.

मागच्या मार्चात नागपूरला दुर्बिणीची तपासणी होती. तिथं पुण्याच्या एका प्रयोगशाळेतली मुलगी कागद घेऊन आली. नाव फरहाना, मूळची वणीची.

"काका, तुमच्या उरलेल्या आतड्याचा चिमूटभर तुकडा देता का? त्यात मूळपेशी असतात, आतड्याचं नवं अस्तर घडवणाऱ्या. आम्ही त्या लॅबमध्ये वाढवतो."

कागद चांगला तीन पानांचा होता. तिनं सगळा वाचून दाखवला. पण डोमाजीचे कान 'वाढवतो' या शब्दावरच अडकले. चार फूट आतडं घेऊन बसलेल्या माणसाला 'वाढवतो' म्हटल्यावर दुसरं काय ऐकू येणार, सांगा! वाढवणार म्हणजे लांब करणार आणि परत पोटात बसवणार. त्यानं धडाधड सह्या ठोकल्या आणि वर पोरीचा नंबरही मागून घेतला.

मग काय, दर रविवारी फोन.

"काय म्हणते पोरी, वाढून राह्यलं का?"

"वाढून राह्यल्या ना काका! एकीच्या शंभर झाल्या. बारीक बारीक फुगे दिसतात."

"खातात काय त्या?"

"गुलाबी पाणी असते एक. दर दोन दिवसांनी मी सोता जेवू घालते."

जेवू घालते! डोमाजी दिवसभर हसत होता. आपण इथं मऊ भात चिवडतो आणि आपलं आतडं पुण्यात थाटात जेवतं. आठवड्यात तेवढंच काय ते बोलणं. बाकी सहा दिवस तोंडाला कुलूप. त्या भरात त्यानं पुतण्याला, प्रफुल्लला, सांगूनही टाकलं की दिवाळीनंतर तुझ्या लग्नात वरणाची बादली माझ्याकडे.

दिवाळी महिन्यावर आली तेव्हा त्यानं फरहानाला विचारलं, "मंग बसवायले कधी येऊ? लग्न वीस तारखेले आहे."

"काय बसवायले, काका?"

"आतडं! वाढवलं न तुम्ही?"

फरहाना हळू आवाजात म्हणाली, "काका, ते तुमच्या पोटात नाही बसत. कोणाच्याच नाही, अजून. डबीत वाढलेलं पोटात रुजते का, हेच आम्ही शिकून राह्यलो. दहा वर्षं लागतील, जास्तही लागतील. कागदात होतं ते. मी वाचलं, पण तुम्हाले काय समजलं ते विचारलं नाही. चूक माही आहे."

डोमाजी संतापून ओरडलाच, "मंग माह्या तुकड्याचं तुम्ही तिकडे काय करून राह्यले?"

"तुमचा हक्क आहे, काका. तुम्ही नाही म्हणा, आजच बंद करते. खाणं थांबवलं की आठवड्यात मरतील त्या."

कर बंद! शब्द अगदी जिभेवर आला होता. ज्यांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, त्यांनी तरी कशाला जगावं?

"आज जेवल्या का त्या?" त्यानं विचारलं.

"आत्ताच घालत होती. अर्ध्या डब्यायत घातलं, अर्ध्या राहिल्या. तुमचा फोन आला म्हणून थांबली."

डोमाजी खेकसलाच, "मंग फोन कायले धरून बसली? अर्ध्या पंगतीतून कोणाले उठवत असतात का! घाल त्यायले, पोरी. सावकाश होऊ दे."

मग त्यानं प्रफुल्लला फोन लावला आणि लग्नाला दुसरा वाढपी बघ म्हणून सांगितलं.