उकरून पाहिलेले कंद

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. बंद पडलेली वस्तू उघडून बघायची, ही हाताची खोडच झाली. दुकान सोडल्यावर अंगणात लिलीचे कंद लावले आणि माझ्या डोक्याला ताप झाला. दर चार दिवसांनी हे चिमट्याने माती उकरणार, डोळ्याला भिंग लावून मुळं न्याहाळणार आणि कंद पुन्हा पुरणार. "अहो, राहू द्या की त्यांना!" सांगून सांगून तोंड दुखलं माझं. अकरा कंद कुजले. मग ह्यांनी कंदवाल्याच्या नावाने खडे फोडले.

बारावा मी आधीच मागच्या दारी फुटक्या बादलीत लपवून लावला होता. काल तो फुलला.

"याला काय घातलंस?"

"पाणी. आणि तुम्हाला दाखवला नाही."

ह्यांनी समजल्यासारखी मान डोलावली, आणि खिशातून चिमटा काढला.