लॉनवरचा कप्तान

चेहरा कुणी मागून घेत नाही. आईबापांनी दिला तो पदरी पडला आणि पवित्र झाला, असं म्हणून माणूस जन्मभर वागवतो. या माणसालाही चारचौघांसारखा एक चेहरा मिळाला होता आणि पस्तिशीपर्यंत त्याची कुणाला अडचण झाली नव्हती. मग क्रिकेटच्या संघाला नवा कप्तान मिळाला. तो दिसायला अगदी याच्यासारखा निघाला आणि याचं वाटोळं झालं. ‘याच्यासारखा तो’ असं फक्त त्याची बायको म्हणायची. बाकी सगळं जग ‘त्याच्यासारखा हा’ म्हणत होतं, आणि जगापुढे एकट्या बायकोचं काय चालणार?

त्याआधी तो अभयारण्यात पर्यटकांची जीप चालवायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला मुंगी म्हणायचे, कारण त्याची गाडी मुंगीच्या चालीने जायची. बिबट्या दिसल्याची खबर आली की सगळ्या जीप धुरळा उडवत तिकडे पळायच्या. मुंगी आपल्याच वाटेने जायचा आणि हरणांच्या माना कुठे वळल्यात ते बघत बसायचा. गर्दीला कंटाळलेला बिबट्या निम्म्या वेळा त्याच्याच वाटेवर यायचा. तोवर मागच्या बाकांवर वेफर्सच्या पुड्या फोडणारी आणि घरची भांडणं जंगलात घेऊन आलेली माणसं एकदम गप्प व्हायची. ती शांतता त्याला फार आवडायची. फेरीचे पैसे सगळ्यांना सारखेच मिळायचे, ही त्याची वरकमाई.

फाटकावर एक नियम होता आणि तो ड्रायव्हरांनी आपसांत ठरवलेला होता. जीप नंबराने सुटायच्या. कुठल्या पर्यटकाच्या वाट्याला कुठला ड्रायव्हर येणार ते नंबर ठरवायचा, पर्यटक नाही. त्यामुळे चांगला, वाईट, म्हातारा, चिडका, सगळ्यांची चूल पेटायची. कप्तान टीव्हीवर झळकायला लागला तसा हा नियम मोडायला लागला. पर्यटक मुंगीच्या जीपसाठी हटून बसायचे आणि पुढच्या नंबरचे ड्रायव्हर रिकाम्या गाडीत माशा मारायचे. त्यांत त्याचा धाकटा मेव्हणाही असायचा. त्याला मुंगीनेच गिअर टाकायला शिकवून या धंद्यात आणलं होतं. मेव्हणा तोंडाने काही बोलला नाही, नुसतं बहिणीकडे येणं त्याने कमी केलं.

जीप ज्याची होती तो मालक फाटकासमोर मोठं हॉटेल चालवायचा. त्याची नजर पैशाच्या बाबतीत घारीसारखी. त्याने मुंगीला बोलावून घेतलं आणि म्हणाला, “तू जीपमध्ये सहा माणसांना दिसतोस. माझ्या लॉनवर रोज दोनशे माणसांना दिसशील. धूळ नाही, खड्डे नाहीत. बॅट धरायची आणि उभं राहायचं.”

“आणि गाडी?”

“गाडी कुठे पळून चाललीय? दोन सीझन कर, मग बस परत.”

पगार जास्त होता, मुलगी मोठ्या शाळेत जाणार होती. आणि खोटं कशाला बोला, त्याला मनातून बरंही वाटलं होतं. चारचौघांतल्या माणसाला कुणी कप्तान म्हटलं तर ते वाईट वाटण्यासारखं आहे का? तो हो म्हणाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच, पण हे त्याला कळायला पुष्कळ वेळ लागला.

खरा कप्तान डावखुरा होता. हा डाव्या हाताने बॅट धरायला शिकला, सही करायला शिकला, मग चमचाही डाव्या हातात आला. कप्तानाने दाढी राखली, याने राखली. कप्तानाने काढली, याने काढली. याच्या पुढच्या दातांत फट होती, ती मालकाने स्वखर्चाने बुजवून दिली आणि गावभर त्याचा डांगोरा पिटला. एका मोसमात कप्तान दंडावर गरुड गोंदवून आला. त्याच आठवड्यात मालक याला गोंदवायला घेऊन गेला. तो गरुड कप्तानाच्या दंडावर झेपावल्यासारखा दिसायचा. याच्या बारक्या दंडावर तो कोंबडीसारखा दिसायचा, आणि मुलगी तो पाहून पहिल्यांदा हसली आणि मग रडली. तिने मैत्रिणींना घरी आणणं त्या वर्षीच बंद केलं.

कप्तान जिंकला की पर्यटक त्याला खांद्यावर घ्यायचे. हरला की जाब विचारायचे. एकदा मोठा अंतिम सामना हाताशी येऊन गेला. दुसऱ्या सकाळी भरपेट न्याहारी करून आलेल्या एका गृहस्थांनी याला लॉनच्या मधोमध गाठलं.

“तो चेंडू सोडून द्यायचा ना. काय गरज होती मारायची?”

“चुकलं, साहेब,” तो म्हणाला.

“चुकलं म्हणून भागतं? सगळा देश जागा होता.”

“पुन्हा नाही होणार.”

त्या गृहस्थांनी याच्या कानशिलात हलकीशी लगावली, गमतीने, आणि फोटोही काढून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, पण निदान संन्याशाला हसायला तरी सांगत नाहीत. बायको त्याच हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. तिने खिडकीतून हे सगळं पाहिलं होतं. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, “तुम्ही माफी कुणाच्या वतीने मागितलीत?”

त्याला गाडी परत हवी होती. दुसरं काही नको होतं. प्रत्येक सीझनच्या शेवटी तो मालकासमोर जाऊन उभा राहायचा आणि मालक प्रत्येक वेळी “पुढच्या सीझनला बघू” म्हणायचा. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. जेवून मात्र कुणी तृप्त झालं नाही.

आणि मग खरा कप्तान आला. बायकोमुलांना घेऊन, गुपचूप, दोन दिवस जंगल बघायला. पण असली बातमी झाकून राहते थोडीच? सकाळीच फाटकावर माणसांचा समुद्र उसळणार हे उघड होतं. मालकाने मुंगीला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि जीपची किल्ली टेबलावर ठेवली.

“उद्या सकाळी तू तळ्याकाठच्या रस्त्याने फिरायचं. माझी चार माणसं तुझ्या आजूबाजूला राहतील. गर्दी तुझ्यामागे गेली की तो मागच्या फाटकाने जंगलात जाईल. तो बाहेर येईपर्यंत गर्दी धरून ठेव. ठेवलीस, तर ही किल्ली उचल आणि पुन्हा मला लॉनवर दिसू नकोस.”

त्याने किल्लीला हात लावून पाहिला. जुनीच होती, मुठीपाशी झिजलेली. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, “खरं सांगताय?” आणि तिथेच बसली. तिच्या चेहऱ्यावर त्याला कितीतरी वर्षांनी आनंद दिसला.

त्या सकाळी त्याने काम चोख केलं. तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. तो डाव्या हाताने सह्या करत होता, लहान पोरं उचलत होता, कप्तानासारखी मान वाकडी करून हसत होता. ऊन वर आलं. कप्तानासारखा टी-शर्ट घामाने चिकटला. चार माणसांपैकी दोघं चहा प्यायला निघून गेली. त्याचं लक्ष सारखं टेकडीच्या अंगाला जात होतं, कारण तिकडून जीप परतायची वाट होती. तेवढ्यात कुठल्याशा वाहिनीच्या बाईंनी गर्दीतून माइक पुढे केला.

“सर, आणखी किती वर्षं?”

कप्तान अशा वेळी काय बोलतो ते त्याला पाठ होतं. ‘सध्या पुढच्या सामन्याकडे लक्ष आहे’ एवढं बोलून मान वाकडी करायची. पण त्या बाईंनी ते असं विचारलं, जणू त्यालाच विचारलं. आणि त्यालाही इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“आता पुरे झालं,” तो म्हणाला. “थकलो. आजचा शेवटचा दिवस. उद्यापासून आपली जुनी गाडी बरी आणि आपण बरे.”

गर्दीतली एक बाई हुंदके द्यायला लागली आणि मोबाइल सगळीकडून वर आले. आपण काय बोलून बसलो ते त्याला अजून कळलंच नव्हतं. त्याला वाटलं, आपल्यासाठी रडतायत. त्याचेही डोळे भरून आले, आणि ते तर कॅमेऱ्यात फारच छान आले.

दुपारपर्यंत देशभर हाहाकार उडाला. कप्तान निवृत्त. ज्याने खंडन करायचं तो खरा कप्तान जंगलात होता आणि जंगलात फोन लागत नाही, ही तर त्या हॉटेलची जाहिरातच होती. माजी खेळाडूंनी गळे काढले. टीव्हीवरच्या विद्वानांनी ‘जुनी गाडी’ म्हणजे काय यावर चर्चा झोडल्या. एकाच्या मते ती कप्तानाच्या बालपणाची आठवण होती, दुसऱ्याच्या मते निवड समितीला मारलेला टोमणा. जीप म्हणजे जीप हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कप्तान जंगलातून बाहेर आला तेव्हा त्याच्या फोनने जीव सोडायचाच बाकी ठेवला होता. त्याचा मॅनेजर मालकावर असा काही ओरडला की स्वयंपाकघरातली भांडी वाजली म्हणतात. संध्याकाळी परत निघताना कप्तानाची गाडी लॉनपाशी थांबली. काच खाली झाली. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मुंगीला वाटलं, आता हा हसेल, निदान शिवी तरी देईल. कप्तानाने काच वर केली. त्याला स्वतःचं तोंड आवडलं नसावं.

मालकाने त्याच दिवशी त्याला हाकललं. किल्ली खिशात घातली ती घातलीच.

तरी त्याने हाय खाल्ली नाही. फाटकावर एका म्हाताऱ्याची जीप ड्रायव्हरावाचून पडून होती आणि म्हातारा ती द्यायला तयार होता. फक्त ड्रायव्हरांनी नंबर द्यायला हवा होता. त्याने दाढी काढली, डोकंही तासून घेतलं, गरुडावर लांब बाह्यांचा शर्ट घातला आणि चहाच्या टपरीवर जुन्या सोबत्यांसमोर जाऊन उभा राहिला. सगळे कपात बघत राहिले. शेवटी मेव्हण्याने तोंड उघडलं.

“दाजी, तुम्ही गाडीत बसलात की आमच्या गाड्या रिकाम्या. हे एकदा भोगलंय आम्ही.”

“अरे, मी तोंड झाकून घेईन. धूळ असतेच. रुमाल बांधीन.”

“झाकलेलं तोंड बघायला तर दुप्पट गर्दी होईल.”

कुणीतरी फिसकन हसलं. मेव्हणा हसला नाही. तो खाली बघत म्हणाला, “तुमच्याबद्दल राग नाही. पण तुमच्या तोंडाने आमच्या पोटावर पाय येतो. नंबर नाही देता येणार.”

ज्याला गिअर टाकायला शिकवलं त्यानेच हे म्हटलं, आणि वाईट हे की त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. “मी जीपवाल्याशी लग्न केलं होतं,” ती म्हणाली. भांडायचा सूर नव्हता. एखादी वस्तू हरवल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं.

पुढचे महिने त्याने विटांच्या भट्टीवर काढले. तिथेही मजूर कप्तान म्हणायचेच. मग खरा कप्तान खरोखरच निवृत्त झाला. देश पुन्हा एकदा रडला, या वेळी रीतसर. चार दिवसांत मालक दारात. जणू काही घडलंच नव्हतं.

“आता त्याचा मॅनेजरही काही म्हणायचा नाही. लोक हळवे झालेत. निरोपाचा फोटो म्हणून नुसते तुटून पडतील. केस वाढव, दाढी ठेव.”

गाडीचं नाव त्याने काढलं नाही. यानेही काढलं नाही. मालक गेल्यावर बायकोने पेटीच्या तळातून कप्तानाचा तो टी-शर्ट काढला आणि इस्त्री तापत ठेवली. मुलीच्या शाळेची फी थकली होती. बायको त्याच्याकडे बघत नव्हती आणि तो तिच्याकडे.

जंगलातून परतणाऱ्या जीपांचा रस्ता लॉनच्या कुंपणाला लागून जातो. एका संध्याकाळी तो बॅट घेऊन झाडाखाली उभा होता. मेव्हण्याची जीप आली. त्या दिवशी बिबट्या कुणालाच दिसला नव्हता आणि मागच्या बाकांवर पर्यटकांची कुरकुर चालली होती. मेव्हण्याने कुंपणापाशी वेग कमी केला, इंजिन बंद केलं आणि मागे वळून हलक्या आवाजात म्हणाला, “तिकडे बघा. झाडाच्या डाव्या अंगाला.”

सगळे गप्प झाले. कॅमेरे वर आले. लॉनवरच्या माणसाला ते शब्द स्पष्ट ऐकू आले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने डावा हात वर केला आणि मान वाकडी करून हसला. जीपमधली माणसं खूश झाली. मेव्हण्याने त्याच्याकडे न बघता गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या जीपही तिथे थांबायला लागल्या. ज्या दिवशी बिबट्या दिसायचा, त्या दिवशी मात्र कुणी थांबत नसे.