हातावरचं दही

मला स्वस्थ बसता येत नाही, हे माझ्या माहेराला, सासरला आणि आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे त्या साली चार पावलं टाकली की धाप लागू लागली, तेव्हा मी आधी स्वतःवरच चिडले. जळगाव जामोदच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. तिथं कळलं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पुढं गेलेलं रक्त उलटं मागं येतं. ऑपरेशन लांबवलं तर हृदय इतकं थकेल की मग ऑपरेशनही झेपणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. इकडे शेतात कापूस फुटायच्या बेतात. रोज सकाळी मी हात जोडायचे आणि मनातल्या मनात भांडायचे, की सीतामाई, हीच वेळ सापडली का तुला?

आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही होतं. धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाशी, दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो पिकावर शिंपडायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. सासूबाई गेल्यापासून हे माझ्याकडे होतं आणि मी ते दुसऱ्या कोणाला करू दिलेलं नव्हतं. बीटी बियाणं आलं तेव्हा गावातली काही माणसं हसली, आता अळीच लागत नाही तर सीतामाईला कशाला त्रास? पुढं गुलाबी अळी बीटीलाही जुमानेना, तेव्हा हसणं बंद झालं. ती अळी आत शिरली की तिचं भोक बुजून जातं, बोंड वरून धड दिसतं आणि आत सडलेलं निघतं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशीही मी शेतात जाऊन नखानं बोंडं फोडून बघत होते. आपलंही आतून असंच झालंय, असं मनात आलं, आणि त्या रागात आणखी बरीच फोडली.

अकोल्याला ऑपरेशन करणारे डॉक्टर तरुण होते आणि शांत. ते म्हणाले, छातीचं मधलं हाड कापायचं नाही. उजव्या बाजूला दोन फासळ्यांच्या मधून लहानशी चीर द्यायची, तिथून दुर्बीण आणि लांब दांड्याची हत्यारं आत घालायची. मांडीच्या सांध्यातून नळ्या घालून रक्त मशीनवर फिरवायचं, तेवढा वेळ हृदय थांबवायचं आणि झडप दुरुस्त करायची. हाड जुळायची वाट बघावी लागत नाही, म्हणून माणूस लवकर उठतो. मी म्हटलं, म्हणजे लहानच ऑपरेशन की. त्यावर ते म्हणाले, "नाही काकू. चीर लहान आहे, काम तेवढंच मोठं आहे." हे मला पटलं. पण एक प्रश्न डोक्यात फिरत राहिला, तो मी विचारलाच. "हृदय थांबवल्यावर मी कुठं असते?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हे मला सांगता येणार नाही."

ऑपरेशनच्या दिवशी मला न्यायला आले, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, सकाळपासून पोटात काही गेलं नाही ना?

"काही नाही. फक्त हातावरचं दही."

माझी धाकटी जाऊ शोभा सोबतीला होती. घरातून कोणी मोठ्या कामाला निघालं की हातावर दही द्यायचं, तसं तिनं मला दिलं होतं आणि मी चाटून खाल्लं होतं. काही खायचं नाही हे आम्हा दोघींना पाठ होतं. पण हातावरचं दही म्हणजे खाणं, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, असं बाईंनी समजावलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

मी शोभावर तुटून पडले. "काऊन देलं व तू मले दही? येवढी अक्कल नाई तुले?"

ती रडत म्हणाली, "बाई, घरात सगळ्याइले तुमीच तं देता. म्या म्हटलं, तुमाले कोन देईन?"

मी भिंतीकडे तोंड करून पडले.

संध्याकाळी मला थंडी वाजली आणि ताप चढला. शोधाशोध सुरू झाली. उजव्या अंगठ्याच्या नखाशी बोंडाचं टोक लागलं होतं. शेतातल्या बाईची बोटं कधी धड असतात, म्हणून मी ते कोणाला दाखवलंही नव्हतं. आता तो अंगठा टरारून सुजला होता. डॉक्टरांनी तो दाबून पाहिला. मग म्हणाले, "आज झडपेचं काम केलं असतं आणि हा पू रक्तात गेला असता, तर…" मी शोभाकडे पाहिलं. ती माझ्या पायथ्याशी बसून डोळे पुसत होती, तिला अजून आपलंच चुकलं असं वाटत होतं. तिचा हात धरला आणि मलाही रडू आलं.

पू काढला, सलाइनमधून औषधं सुरू झाली. पुन्हा वाट पाहणं. गावाहून निरोप यायचे, कापूस फुटला, खाली गळायला लागला, सीतादह्याचं काय? मी तळमळायचे, नर्सला हैराण करायचे. शेवटी एका सकाळी शोभाला म्हटलं, "तू जाय. सीतादही करून घे."

"म्या? मले नाई जमत, बाई. काई चुकलं तं?"

"चुकलं तं सीतामाई पाहून घेईन. तुह्या मांगच्या चुकीचं तिनं चांगलंच केलं न."

हे तोंडातून निघालं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

अंगठा बरा झाल्यावर ठरलेल्या ऑपरेशनच्या दिवशी यजमान दाराशी उभे होते. शोभा नव्हती, ती शेतात होती. आत नेताना मी उजवा तळहात उघडा ठेवला. त्यात काही नव्हतं. मी कुठं असेन, हा प्रश्न तेव्हाही मनात होता, पण त्याचं उत्तर मलाच माहीत असायला हवं, असं आता वाटत नव्हतं. ती वेळ कशी गेली हे मला सांगता येत नाही. जाग आली तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं, आणि माझ्यासारखीला ती शिक्षा मोठीच होती. मी फक्त बोटं हलवून पाहिली.

घरी आले तेव्हा दारात गावातल्या बाया जमल्या होत्या. शोभानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वाटी पुढं केली. "हातावर घ्या, बाई. आता कोनी नाई पुसत."

दही घराबाहेर जाताना देतात, येताना नाही, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं आणि हात पुढं केला.