जावईबापूंची पाटी

बर्फाच्या त्या मुलखातल्या तळावर आचाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांचा हात सढळ, तोंड फटकळ आणि जीव सगळा लेकीत. जावई तिथेच मेकॅनिक. त्याला तिथे नोकरीला चिकटवलं होतं मामांनीच.

दाराशेजारी प्रत्येकाच्या नावाची पाटी टांगलेली असे. बाहेर जाताना लाल बाजू, आत आल्यावर हिरवी. वादळ उठलं की ज्याची पाटी लाल, त्याला शोधायला निघायचं. आणि पाटी ज्याची त्यानेच फिरवायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पण जावई पडला धांदरट! आत आला की थेट चहावर तुटून पडायचा, पाटी आपली लालच. त्याला बोलणी बसू नयेत म्हणून मामाच ती गुपचूप फिरवायचे. "जावईबापू, एक दिवस डोकंही बाहेर विसराल!"

त्या दिवशी वारा उठला आणि लेकीचा घरून रोजचा फोन आला. "बाबा, हे आत आलेत ना?"

मामांनी डोकावून पाहिलं. दाराशी जावयाचे बूट, पाटी लाल. "आलाय गं, विसरभोळा कुठला!" पाटी हिरवी करून ते पीठ मळायला गेले.

जेवायला जावई आला नाही. खोलीत नाही, वर्कशॉपमध्ये नाही. बूट भिजले म्हणून दुसरे घालून तो पुन्हा डिझेलच्या टाकीकडे गेला होता. या खेपेला तो पाटी विसरलाच नव्हता; जाताना आठवणीने लाल करून गेला होता. आणि सगळ्या पाट्या हिरव्या, म्हणून कुणी शोधायला निघालंच नव्हतं.

मामा अंगावरच्या कपड्यांनिशी दाराकडे धावले. तळप्रमुखांनी त्यांना कमरेला धरून अडवलं. "दोराशिवाय कुणी जायचं नाही. एकाचे दोन करू नका, मामा."

दोर बांधून तळावरचे दुसरे दोघं शोधायला गेले. मामा मोठं पातेलं उचलून उंबऱ्यात उभे राहिले आणि ते झाऱ्याने बडवायला लागले. "इकडे या हो! जावईबापू, आवाजाकडे या!" समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. झारा वाकला, घसा बसला, बोटं बधिर झाली. देवा, माझं उरलेलं आयुष्य घे, पण त्याला आण रे! पातेलं काही त्यांनी सोडलं नाही.

शेवटी त्याला आणलं ते उचलूनच; अंगात धुगधुगी नव्हती. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर तो पालथा पडला होता, तोंड पातेल्याच्या दिशेला. म्हणजे ऐकलं होतं त्याने. रांगत येत होता. जरा आधी बडवलं असतं तर?

फोन वाजला. घ्यायला कुणी पुढे होईना. मामांनीच घेतला.

"बाबा, जेवले का हे?"

"नाही गं, बाळ," मामा म्हणाले. "तो बाहेरच होता. पाटी मी फिरवली."